अण्णांचं मशीन चुकत नाही

दिनांक १४ जून १९८७ रोजी अण्णांनी माझ्याकडून रोख एकवीस रुपये घेतले आणि माझ्या एकुलत्या एक मुलीला राक्षसगणात घातलं. वर पावतीही दिली.

अण्णा म्हणजे माझ्या पत्नीचे, विनोदिनीचे, थोरले बंधू. राहणार सांगली, गावभाग. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. नकाशे इतके सुबक काढायचे की त्यांचे साहेब म्हणत, "अण्णा, धरण नाही झालं तरी चालेल, नकाशा मात्र जपून ठेवू." बरीच धरणं त्याच अवस्थेत राहिल्यावर अण्णांनी मुदतीआधी नोकरी सोडली, सगळा भविष्य निर्वाह निधी उचलला आणि तो भविष्यातच गुंतवला. म्हणजे विलायती बनावटीचा एक घरगुती संगणक विकत घेतला आणि घरावर पाटी लावली : 'संगणकीय जन्मपत्रिका केंद्र. पत्रिका चुकल्यास पैसे परत.'

पाटीची दुसरी ओळ वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली आहे.

त्या काळी सांगलीत हे यंत्र पाहायला माणसं चपला काढून आत येत. टाइपरायटरएवढा कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळी बुद्धी. पडदा म्हणून घरातला टीव्ही. शेजारी पत्र्याच्या डब्यात डिस्क ड्राइव्ह, त्यात पापडासारखी लवचीक, चौकोनी फ्लॉपी सरकवायची. ड्राइव्ह दळण दळल्यासारखा आवाज करायचा आणि मग छापण्याचं यंत्र कर्रकर्र करत कडेला भोकं असलेल्या कागदावर पत्रिका काढायचं. मराठी अक्षरं यंत्राला येत नव्हती. ती अण्णांनी ठिपक्याठिपक्यांनी स्वतः काढली. नुसत्या 'ळ'ला चार दिवस लागले. टीव्ही अडकल्यामुळे वहिनींना रविवारची मालिका शेजारी जाऊन पाहावी लागे. त्या म्हणत, "ह्यांना सगळ्यांचे ग्रह दिसतात, घरातलं माणूस तेवढं दिसत नाही."

धंदा दोन वर्षं चालला. मग का बसला, हे अण्णांना आजही कळलेलं नाही. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. लोक पत्रिका खरी असावी म्हणून करत नाहीत, जुळावी म्हणून करतात. "अण्णा, मुलीचा मंगळ तेवढा एक घर सरकवा की," असं कोणी म्हणालं की अण्णा ताठ होऊन सांगत, "मशीनला लाज नसते आणि भीडही नसते. जे आहे ते छापतं." अशा यंत्राचं लग्नाच्या बाजारात काय काम? एकशे बेचाळीस पत्रिकांनंतर पाटी उतरली. वहिनींनी यंत्राचा सगळा संसार हळदीच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून माळ्यावर टाकला. हळदीला कीड लागत नाही, मग मशीनला तरी कशी लागेल, हा सांगलीचा हिशेब.

तिथेच ते कायमचं राहतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

१९९७ सालच्या जानेवारीत माझ्या मुलीला, ज्ञानदाला, वाईच्या शेंडे गुरुजींचा मुलगा सांगून आला. मुलाचं नाव वरद. आमच्या साताऱ्यातच विमा कार्यालयात नोकरीला. दोघं एकदा आमच्या घरी भेटली, मग आमच्या परवानगीने दोनदा आणि परवानगीशिवाय किती वेळा, ते मी विचारलं नाही. सगळं जुळत आलं. तेवढ्यात अण्णांनी, मामाचं कर्तव्य म्हणून, मला न विचारता ज्ञानदाची दहा वर्षांपूर्वीची संगणकीय पत्रिका पोस्टाने वाईला धाडून दिली.

तीत छापलं होतं : नक्षत्र चित्रा, राक्षसगण, मध्य नाडी.

नाड्या तीन असतात. वधूवरांची नाडी एक आली, तर पुढचं कोणी वाचत नाही. वरदची नाडीही मध्य होती. शेंडे गुरुजींनी दोन ओळींचं नकाराचं पत्र पाठवलं. अक्षर सुरेख होतं.

आता, साताऱ्याच्या शास्त्रीबुवांनी हाताने केलेली ज्ञानदाची पत्रिका माझ्या कपाटात होती. तीत स्वाती नक्षत्र, देवगण, अंत्य नाडी. म्हणजे लग्नाला काही हरकत नाही. ती घेऊन मी वाईला गेलो. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून उत्तरपत्रिका तपासतात तशा तपासल्या. दोन्हींवर जन्मवेळ एकच : शके १८९४, लक्ष्मीपूजन, रविवार, रात्रौ दोन वाजून वीस मिनिटे. इंग्रजी तारीख शास्त्रीबुवांनी सवयीने घातली नव्हती आणि अण्णांनी स्वाभिमानाने.

"शास्त्रीबुवा माणूस आहेत," गुरुजी म्हणाले. "तुम्ही मुलीचे वडील. दक्षिणा ठेवली की हातून दोन अक्षरं इकडची तिकडं होतात."

"मग पुण्यात नव्या संगणकावर करून आणतो," मी म्हणालो.

"तो तर पैसे टाकले की हवं ते छापतो. मला तुम्हाला खोटं पाडायचं नाही, पण विचार करा. सत्याऐंशी सालच्या त्या मशीनला आमचा वरद माहीत होता का? नव्हता. म्हणजे ते निःपक्षपाती. त्याच मशीनने माझ्यासमोर आपली चूक कबूल केली, तर मी एक शब्द बोलणार नाही. अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो. नंतर पुण्याचं एक स्थळ आहे."

पस्तीस वर्षं मी सहकारी बँकेत हिशेब पाहतो आहे. यंत्राचा कबुलीजबाब मागणारा खातेदार पहिल्यांदाच भेटला.

घरी आलो. ज्ञानदा कपडे घडी करत होती. मी सगळं सांगितलं. तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "बाबा, त्यांचा होकार नाही आला तरी चालेल," ती म्हणाली. "पण मी दुसऱ्या कुणापुढे पोहे घेऊन बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवते." तिची आई तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकून सांगलीची एसटी धरली.

अण्णांना वाटलं मी माफी मागायला आलो आहे.

"दिगंबरराव, माझं मशीन चुकत नाही," ते म्हणाले.

"ते चुकलंय हेच सिद्ध करायचंय. चालू करा."

"चालू करतो, पण ते बरोबर आहे हे सिद्ध करायला."

अशा रीतीने आमचं एकमत झालं. मशीन चालू झालं पाहिजे, एवढ्यापुरतं.

माळ्यावरून पोती उतरवली. अण्णांनी यंत्र पाटावर ठेवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. पाच सेकंद दिवा लागला. मग फट् असा आवाज झाला आणि यंत्राच्या पाठीतून असा दाट, कडू धूर निघाला की वहिनी आतून ओरडल्या, "होम पण घातलात का?"

तेव्हा जोतिबाला बोलावलं. जोतिबा तासगावच्या बाजूचा. सतरा वर्षं फौजेत, सिग्नल पलटणीत काढलेली. आता सांगलीत टेप आणि रेडिओ दुरुस्त करत होता. त्याने धूर हुंगला.

"जीव गेला न्हाई अण्णा. पावरचा कपॅसिटर उडलाय फकस्त. आठ-नऊ वर्सं झोपलेल्या मानसाला एकदम उठवून पळाय लावलं, तर दुसरं काय हुनार?"

कपॅसिटर बदलला. यंत्राने बीप केलं आणि टीव्हीवर कर्सर लुकलुकू लागला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले धुरामुळे. मुलीची पत्रिका मात्र यंत्रात नव्हती. ती फ्लॉपीवर होती आणि फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह हूं का चूं करत नव्हता.

जोतिबाने ड्राइव्ह उघडला. आत सगळं पिवळं.

"आवं, ह्यो डिस्क ड्राइव्ह हाय का पिठल्याचं पातेलं?"

पोत्यातली हळद आठ-नऊ वर्षं झिरपत थेट वाचणाऱ्या डोळ्यापर्यंत पोचली होती. कीड मात्र खरंच लागली नव्हती, हे वहिनींनी सर्वांना सांगितलं. चाक फिरवणारा रबरी पट्टा तुटलाही नव्हता. तो वितळून काकवीसारखा चाकाला चिकटला होता. जोतिबाने स्पिरिट आणि कापूस घेतला. पहिल्या दिवशी कापूस संपला, दुसऱ्या दिवशी स्पिरिट, तिसऱ्या दिवशी अण्णांचा संयम. पट्ट्यासाठी त्याने आधी सायकलच्या ट्यूबची चकती कापून लावली. चाक बैलगाडीसारखं हिसके देत चाललं. मग त्याच्या दुकानातल्या एका मोडक्या स्पूल टेपचा पट्टा अचूक बसला.

फ्लॉप्यांवर बुरशी होती. जोतिबा म्हणाला, "वरचं पाकीट कापून आतली चकती धुवाय लागंल. पर साबन कडक नगं."

हे काम वहिनींनी अंगावर घेतलं. रेशमी साड्या धुतात तसं रिठ्याचं पाणी केलं, चकती दोन बोटांत धरून हलक्या हाताने खळबळली, साध्या पाण्यातून दोनदा काढली आणि सावलीत मऊ धोतरावर वाळत घातली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय वाळवण घातलंय?" वहिनी म्हणाल्या, "नशीब. एकशे बेचाळीस लोकांचं." वाळलेल्या चकत्या अण्णांनी कोऱ्या फ्लॉप्यांच्या पाकिटांत घातल्या. अण्णांचा हात आरेखकाचा. एक सुरकुती पडली नाही.

तरीही यंत्र वाचेना. टीव्हीवर दर वेळी तेच : डिस्क वाचता येत नाही. मी दर शनिवारी दुपारच्या एसटीने सांगलीला जायचो, रविवारी रात्री साताऱ्याला परत. विनोदिनी विचारायची, "झालं का?" ज्ञानदा विचारायची नाही. फाल्गुन आला. वाईहून निरोप आला की पुण्याच्या स्थळाने मुलीचा फोटो पाठवला आहे.

घोळ चाकाच्या वेगात होता, तो जोतिबाने ओळखला. चाकावर काळ्यापांढऱ्या रेघांचं एक वर्तुळ होतं. ट्यूबलाइटखाली ते फिरत असताना रेघा स्थिर दिसल्या, की वेग बरोबर. अण्णांनी दर संध्याकाळी स्क्रू पिळून रेघा अगदी भिंतीवरच्या चित्रासारख्या स्थिर केल्या होत्या. जोतिबाने फौजी भंगारातून घेतलेला एक मीटर प्लगला लावला.

"ह्ये बघा. इजेची लय पन्नास पायजे, ही साडेअठ्ठेचाळीस हाय. संध्याकाळी समद्या गिरण्या, समदे पंप चालू. ट्यूबच मंद चमकतीया. तुमी तिच्या तालावर चाक लावलं, तर चाक बी मंदच की. पेटी उतरलेली, त्यात गवई काय करनार?"

"मग कधी लावायचं?" अण्णांनी विचारलं.

"राज्यातलं समदं बंद असंल तवा."

असा दिवस पाडव्याचा सापडला. कारखान्यांना सुट्टी, सकाळची वेळ. अण्णा म्हणाले, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, आज होणारच. जोतिबा म्हणाला, मीटर एकोणपन्नास पूर्णांक नऊ दाखवतोय, आज हुनारच. मी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. शेंडे गुरुजींनाही बोलावलं होतं. विनोदिनी माझ्याबरोबर आली. ज्ञानदा आली नाही. गुरुजी भिंतीला पाठ टेकून, परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखे बसले.

जोतिबाने स्क्रू किंचित फिरवला. रेघा थांबल्या. अण्णांनी फ्लॉपी सरकवली. दळण सुरू झालं. आणि टीव्हीवर नावांची यादी वर चढत गेली. सांगलीतली निम्मी लग्नं, झालेली आणि मोडलेली. अण्णांनी ज्ञानदाचा क्रमांक दिला. यंत्राने दोन मिनिटं विचार केला आणि कागद कर्रकर्र बाहेर आला.

चित्रा. राक्षसगण. मध्य नाडी.

"बघा!" अण्णा उभे राहिले. "अक्षर बदललं नाही!"

गुरुजींनी मान हलवली आणि टोपी उचलली. दोन महिने खपून, रजा घालवून, मी माझ्या मुलीच्या विरुद्धचा साक्षीदार स्वतः उठवून उभा केला होता. साताऱ्याला जाऊन तिला काय सांगायचं, याचे शब्द मी जुळवत होतो.

विनोदिनी टीव्हीच्या जवळ गेली. पत्रिका करण्याआधी यंत्राने माहिती दाखवली होती, ती तिथे तशीच होती.

"अण्णा, ही पाच तारीख कुठली?"

"रविवार. लक्ष्मीपूजन. पाच नोव्हेंबर बहात्तर."

"आणि रात्री दोन वीस?"

"हो. शून्य दोन, वीस."

"पाच तारीख लागली तेव्हा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री दोन वाजता, मी आईकडे अनारसे तळत होते. तू तीन खाल्लेस. दवाखान्यात मला लक्ष्मीपूजन झाल्यावर नेलं. ज्ञानदा सहा तारखेची आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा सहा आहे."

गुरुजींनी उचललेली टोपी पुन्हा खाली ठेवली.

आमच्याकडे दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो. रविवारची रात्र म्हणजे सोमवारचा सूर्य उगवेपर्यंत रविवारच. शास्त्रीबुवांना हे सांगावं लागलं नाही. यंत्राचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. 'पाच तारीख, दोन वीस' म्हटल्यावर ते बिचारं एक दिवस आधीच्या रात्री गेलं, तिथे चंद्र चित्रा नक्षत्रात होता, ते त्याने प्रामाणिकपणे छापलं. रास दोन्ही दिवशी तूळच, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

"पण पाच लिहिलं कोणी?" मी आवाज चढवून विचारलं. "दुसऱ्याच्या मुलीची तारीख घालताना माणसाने—"

अण्णा आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. एकशे बेचाळीस अर्ज, क्रमवार. त्यांनी एक काढून माझ्या हातात दिला. 'रविवार, ता. ५ नोव्हेंबर १९७२, रात्री २.२०.' खाली सही. अक्षर स्वच्छ, आकडे एकाखाली एक. माझं.

बँकेत रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तारीख मी घालतो.

मला वाटलं, अण्णा आता मला सोडणार नाहीत. पण ते खुर्चीवर बसले. "मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "आरेखक आहे मी. दुसऱ्याने दिलेलं माप आपण पुन्हा मोजायचं असतं." एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. चष्मा पिवळा झाला, कारण रुमालाला हळद होती.

मग त्यांनी पाचाचे सहा केले. दळण, कर्रकर्र. स्वाती. देवगण. अंत्य नाडी.

गुरुजींनी कागद हातात घेतला, कडेची भोकं तपासली, जुन्या कागदाची भोकं त्यावर ठेवून जुळवली. शाळेचा दाखला साताऱ्याहून मागवून पाहीन म्हणाले. मग म्हणाले, "आता पटलं."

जोतिबाला राहवलं नाही. "आवं गुरुजी, तारीख ह्येंनी बदलली. शास्त्रीबुवा पयल्यापासनं ह्येच सांगत हुते. मशीननं काय नवीन केलं?"

"तारीख माणूस देतो. निकाल मशीन देतं," गुरुजी म्हणाले.

"व्हय व्हय," जोतिबा मीटर पिशवीत टाकत म्हणाला. "फौजेत बी आसंच हुतं."

अण्णांनी मात्र त्या दिवसापासून गावभागात सांगायला सुरुवात केली, की त्यांच्या मशीनने एक मोडलेलं लग्न जुळवलं. ते कोणामुळे मोडलं होतं, हा तपशील ते गाळतात. आता मशीन पोत्यात नाही. पुढच्या खोलीत टेबलावर आहे, वर वहिनींनी विणलेलं आच्छादन. टीव्ही पुन्हा अडकला आहे. पाटी मात्र त्यांनी लावली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आता आधी लोकांना दिवस कधी बदलतो ते विचारावं लागेल. तेवढा वेळ कोणाला आहे?"

दाखल्याची प्रत मी दुसऱ्याच दिवशी वाईला नेऊन दिली. लग्न वैशाखात साताऱ्याला झालं. ज्ञानदाने अण्णांना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी आहेर म्हणून तिला दुसरी पत्रिका काचेच्या चौकटीत घालून दिली. तिने ती घेतली आणि हळूच विचारलं, "मामा, पहिली कुठे आहे?"

"का गं?"

"ती पण द्या. सासरी कधी गरज पडली तर राक्षसगण असू दे हाताशी."

पहिली पत्रिका चुकीची होती, हे अण्णांना मान्य आहे. पाटीवर लिहिलेली ओळही त्यांना आठवते. अर्ज माझ्या अक्षरात असल्याने ती ओळ या प्रकरणी लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. चूक छापील पत्रिकेत होती आणि पैसे छापील पत्रिकेचे घेतले होते, असं माझं म्हणणं आहे. पावती क्रमांक ३७ माझ्याकडे आहे. एकवीस रुपये अण्णांकडून अजून यायचे आहेत.